निरोपाचा डबा आणि येळवस

धाराशिवच्या एका तंत्रनिकेतनात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. माझ्या हातून आयुष्यात जे काही नीट झालं आहे, ते आधी एकदा तरी बिघडून मगच नीट झालेलं आहे. स्वतःच्या लग्नातसुद्धा मी आधी शेजारच्या मांडवात जाऊन बसलो होतो. पण तो किस्सा सांगायला बायकोची परवानगी नाही. म्हणून डब्याचा सांगतो.

तेरपासून आत, दोन टेकड्यांच्या मधल्या खोबणीत एक गाव आहे. गावात घराघरात मोबाईल होते. त्यांचा उपयोग गाणी ऐकायला, फोटो काढायला आणि अंधारात चप्पल शोधायला व्हायचा. बोलायचं असलं की टेकडी चढायची. वर खंडोबाच्या देवळामागं एक मोठा दगड होता, त्यावर उभं राहून तोंड दक्षिणेकडं केलं की रेंज यायची. त्या दगडाला गावात 'एसटीडी' म्हणायचे. "मामा कुठं गेले?" "एसटीडीवर." कंपन्यांनी टॉवरसाठी हे गाव बघितलं, माणसं मोजली आणि गाडी फिरवून परत नेली.

मी तिथं पहिल्यांदा गेलो तो एका विद्यार्थ्याच्या लग्नाला. जेवून झाल्यावर फोन लावायला दगडावर चढलो आणि नव्या पँटसकट घसरून खाली आलो. उठून बसलो तेव्हा डोक्यात विचार होता : इथं रेंज येत नाही, पण माणसं तर रोज ये-जा करतात. दूध जातं, बाजार येतो, मास्तर येतात. मग निरोपालाही माणसांबरोबर जाऊ द्यावं की!

माझ्या विषयात याचा रीतसर अभ्यास आहे. उशीर सोसणारं जाळं म्हणतात त्याला. गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक डबा लावायचा. लोकांनी आपल्या फोनवरून त्यात निरोप टाकायचा, बोलून किंवा लिहून, फोटोसुद्धा चालतो. डबा तो सांभाळून ठेवतो. दुसरा डबा एखाद्या गाडीत. ती गाडी गावात आली की निरोप हवेतून उडी मारून गाडीत बसतो, आणि गाडी तेरला पोचली की तिथल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ठेवलेल्या तिसऱ्या डब्यात उतरतो. तिथं इंटरनेट. पुढं जग मोकळं. उत्तरही त्याच वाटेनं परत. यात लगेच असं काहीच होत नाही. पण होतं.

हे सगळं मी पारावर उभा राहून समजावून सांगितलं. समोर एक वयस्कर आबा बसले होते, पूर्वी कधीतरी सरपंच होते आणि अजून स्वतःला माजी मानत नव्हते. ते म्हणाले, "म्हंजी सर, म्या आज इचारलं 'कसा हाईस', तर 'बरा हाय' हे उद्या येनार?"

"होय आबा. उद्या, फार तर परवा."

"तवर त्यो बरा ऱ्हायला पायजे की ओ!"

सगळा पार हसला. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक सून उभी राहिली. पस्तिशी ओलांडलेली असेल. पदर सावरत म्हणाली, "सर, हसू द्या त्यांना. तुमी डबा बसवाच."

तिनं लग्नाआधी नर्सिंगचा कोर्स केला होता. आरोग्यसेविकेच्या जागेसाठी ती दोन वर्षं अर्ज करत होती. गेल्या खेपेला तिला कागदपत्रं तपासायला बोलावणं आलं होतं. फोनवरच आलं होतं. पण फोन टेकडीवर जाईपर्यंत तारीख होऊन गेली, आणि जागा यादीतल्या पुढच्या बाईला मिळाली. तेव्हापासून ती एक दिवसाआड धुण्याची बुट्टी बाजूला ठेवून टेकडी चढत होती. या वर्षी पुन्हा अर्ज करायचा होता, आणि अर्जाची वयाची अट तिला पुढच्या वर्षी बाहेर ढकलणार होती.

"माझा येक निरोप येळेवर आला तरी बास," ती म्हणाली. "बाकीचे गेले उडत."

तिची सासू शेजारी बसून शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "बसवा ओ सर. न्हाय चालला तर त्यात चटनी ठिवू."

या दोघींच्या बोलण्यावर मी कामाला लागलो. त्या सुनेनं अर्जात दुसरा नंबर म्हणून माझा नंबर घातला, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मोठं वाटलं की माझ्याकडून काहीतरी होतंच.

पहिलं हे झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावात राहून कोण कधी कुठं जातं याचा अभ्यास केला. दूधवाले, बाजारकरी, दवाखान्याला जाणारे, उगाच जाणारे. उगाच जाणारे सगळ्यात जास्त निघाले. या सगळ्यात वक्तशीर एकच : सकाळ-संध्याकाळची एसटी. मी डेपोत जाऊन अर्जविनंत्या केल्या, तिथल्या साहेबांनी 'बघा बुवा, लावा' म्हणून हात हलवला, आणि मी ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर डबा बसवला. फीत कापायला आबांना बोलावलं. नारळ फोडला. बायकोनं पेढे दिले होते ते वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी आली. डबा आला नाही.

एसटी रोज येते हे मी टिपलं होतं. तीच एसटी रोज येत नाही हे लहानपणापासून एसटीत उलट्या करत वाढलेल्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. डेपोत जी गाडी मोकळी असेल ती त्या रस्त्याला लावतात. माझी गाडी गावाचे निरोप पोटात घेऊन त्या दिवशी भलत्याच मार्गाला निघाली होती. दुपारी दगडावर चढून डेपोला फोन लावला, तर कळलं की गाडी तेरखेड्यात अडकली आहे. तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव. बसमध्ये वायरींचा, हिरवा दिवा लुकलुकणारा बेवारस डबा कुणालातरी दिसला, आणि प्रवासी खिडक्यांतून उतरले. मी पोचलो तेव्हा डबा एका लिंबाखाली ठेवला होता, लोक रस्त्याच्या पलीकडं उभे होते, आणि फटाक्यांच्या कामात हयात गेलेला एक माणूस उकिडवा बसून डब्याचा वास घेत होता.

"दारू न्हाय ह्यात," तो जाहीर करत म्हणाला. "नुसत्या वायरी हायत. फुसका माल हाय."

"माझा आहे," मी म्हणालो.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "वाटलंच," म्हणाला.

पोलिसांनी मला तासभर बसवून चहा पाजला, आणि गावात माझं नाव 'फुसका माल सर' पडलं. मी ते नाव मान्य केलं आणि डबा बसमधून काढून दुधाच्या टेम्पोत बसवला. हार मानायची मला सवय नाही. ती असती तर माझं एकही काम दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलं नसतं.

टेम्पो मात्र झकास चालला. टेम्पोवाला तेरच्या जवळचा, सकाळी गावात येऊन कॅन भरायचा आणि तेरच्या डेअरीवर न्यायचा. टेम्पो एकच, माणूस एकच, वाट एकच. तो वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगायचा, "माज्या गाडीत आख्ख्या गावाचा मोबाईल हाय. धक्का लावू नगा." उसाच्या तोडीला गेलेल्या आईबापांचे आवाज कर्नाटकातल्या फडावरून यायचे आणि पोरं ते पंचायतीच्या भिंतीशी फोन कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकायची. आबांचं आणि त्यांच्या पुण्यातल्या भावाचं बांधावरून भांडण चालू होतं. ते डब्यातून जायला लागलं. आज शिवी दिली की उद्या पोचायची, परवा उलट यायची. तोवर आबा विसरलेले असायचे आणि म्हणायचे, "असं का बोलतोय ह्यो?" हळूहळू त्यात तब्येतीच्या चौकशा घुसल्या. मी त्याचं श्रेय घेतलं. श्रेय मिळायची वेळ माझ्यावर क्वचित येते.

ती सून दर सकाळी टेम्पो गेला की भिंतीशी यायची, फोन बघायची आणि परत जायची. तिनं कधी विचारलं नाही की काही आलं का. मीही कधी म्हणालो नाही की येईल.

आणि मग ते आलं, येळवशीच्या आदल्या संध्याकाळी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं वेळा अमावास्या असते. बोलीत येळवस. त्या दिवशी गाव घरात राहत नाही, शेतात जातं. कडब्याची खोप करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजायचं, आंबील शिंपडत रानाला फेरी मारायची आणि मग जेवायचं. तुरीचे दाणे, वाटाणा, हरभरा, शेंगा, पातीचा कांदा, चिंच असं रानात असेल ते घालून केलेली भज्जी, बाजरीची भाकरी, मातीच्या बिंदगीतून ओतलेली ताकाची थंड आंबील. आपल्या शेतातलं झालं की दुसऱ्याच्या शेतात जायचं. बोलावणं लागत नाही. वाटेनं जाणारा परका माणूससुद्धा हाताला धरून बसवतात. मी मुरुमकडचा. आमच्या घरात पणजी कानडी बोलायची आणि येळवस ही दिवाळीपेक्षा मोठी. तेव्हा हे सगळं मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तर आदल्या संध्याकाळी माझ्या फोनवर मेसेज आला. उमेदवारानं परवा सकाळी दहा वाजता मूळ कागदपत्रांसह छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयात हजर राहावं, गैरहजर राहिल्यास पुढच्या उमेदवाराचा विचार होईल.  मी तो ताबडतोब तेरच्या डब्याकडं पाठवला. सकाळी टेम्पो गावात जाईल, निरोप पोचेल, तिला तयारीला अख्खा दिवस मिळेल, संध्याकाळच्या गाडीनं ती निघेल. मी बायकोला मुरुमला फोन लावून सांगितलं, "आज बघ, डब्यानं काम केलं." बायको पोरांना घेऊन पुढं गेली होती, मी सकाळी उठून मोटरसायकलवर जायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजला येळवशीची सुट्टी होती. मी छान झोपलो.

सकाळी उशिरा उठून दाढी करत होतो तेव्हा टेम्पोवाल्याचा फोन आला.

"सर, येताव न्हवं आमच्या शेतात? भज्जी चुलीवर हाय."

"मुरुमला निघालोय हो," मी म्हणालो. "गावातून आलात का जाऊन?"

"कुठल्या गावातून?"

"दूध आणायला."

 मग तो लहान पोराला समजवावं तसं बोलला. "सर, आज येळवस हाय. दूध कोन घालतंय आज? समद्यांनी ताकाला ठिवलंय. टेम्पो धुऊन, हार घालून, बाभळीखाली लावलाय."

एका गालावर साबण तसाच राहिला. सण माझा, सुट्टी माझी, मुरुमची भज्जी माझी, आणि टेम्पो मात्र कामावर, असा माझा हिशोब! भर मे महिन्यात गावाच्या येण्याजाण्याचा अभ्यास करून मी तो वर्षभराला लावला होता. निरोप तेरच्या दुकानात डब्यात बसला होता, दुकानाला कुलूप होतं, दुकानवालाही कुणाच्या तरी शेतात आंबील पीत असणार, आणि टेकडीवरच्या दगडावर आज कोण चढतंय?

मी टेम्पोवाल्याला सगळं सांगितलं. तो गंभीर झाला. म्हणाला, "तुमी व्हा म्होरं. म्या पानं वाढून टेम्पो घिऊन येतो. वाढल्याबिगर उठलो तर आई सोडायची न्हाय."

एका गालावर दाढी तशीच ठेवून मी मोटरसायकल काढली.

गावात पोचलो तर चिटपाखरू नाही. घरं बंद, पार रिकामा, कुत्रीसुद्धा शेताला गेलेली. पंचायतीच्या भिंतीवर माझा डबा हिरवा दिवा लुकलुकवत एकटाच जागा होता. मला त्याच्याकडं बघवेना. तिचं घर माहीत होतं, त्याला कुलूप. शेत कुठल्या बाजूला हे मात्र माहीत नव्हतं. मी पहिल्या दिसलेल्या धुराकडं वळलो.

तिथं आबांची पंगत बसली होती. "या फुसका माल!" आबा ओरडले. "टायमावर आलाव!"

"आबा, बसायला वेळ नाही. ती नर्सिंगवाली सून कुठं आहे? तिला आज रात्रीच्या आत संभाजीनगरला निघायचंय."

"सांगतो की. आधी बसा."

"आबा, खरंच—"

"येळवशीला आल्याला मानूस उपाशी ग्याला तर पीक रुसतं. ह्या शिवारात दान्याला दाना लागायचा न्हाय, आन् नाव तुमचं निघंल. बसा!"

बसलो. भाकरीचा चतकोर आणि भज्जी तोंडात कोंबली, आंबील एका दमात प्यालो, ठसका लागला. आबांच्या सुनेनं सांगितलं, "त्या व्हय, त्या आत्ताच इथनं जाऊन वरल्या आंगाच्या शेताकडं गेल्या."

वरल्या अंगाच्या शेतात गेलो. "बसा, बसा सर!" पुन्हा भज्जी, पुन्हा आंबील. "त्या? त्या वड्याच्या पल्याड गेल्या की, त्यांच्या माहेराकडली पावनी आल्यात तिकडं." ओढ्यापलीकडं गेलो. तिथं भज्जीत मिरची अशी होती की मला पणजी आठवली. "त्या आल्यावत्या ओ, पन लगी गेल्या, खाली." मी खाली जात होतो तेव्हा ती वर जात असणार, आणि मी वर होतो तेव्हा ती आडवी. सगळं शिवार फिरत होतं. दुपार कलायला लागली होती. माझ्या पोटात जाणारी भज्जी तेवढी एकमार्गी होती.

एका बांधावर मी बसकण मारली. पट्टा ढिला केला. समोर ज्वारी कणसाला आलेली, हरभरा हिरवागार, आणि चारी बाजूंनी माणसांच्या रांगा या शेतातून त्या शेतात चाललेल्या. डोक्यावर बिंदग्या, काखेत पोरं, हातात तुरीच्या शेंगा. मी ते बघत होतो आणि एकाएकी मला स्वतःचाच फळा दिसला. दर वर्षी मी त्यावर ठिपके काढतो. ठिपके हलतायत, एकमेकांना भेटतायत; कोण कुणाला कधी भेटेल हे माहीत नाही. अशा वेळी काय करायचं? साथ पसरते तसा निरोप पसरवायचा. भेटेल त्याला द्यायचा, त्यानं त्याला भेटेल त्याला द्यायचा. मग ज्याचा निरोप आहे त्याला शोधावं लागत नाही, निरोपच त्याला शोधतो. मी हे कित्येक बॅचना घोकून घेतलं होतं, परीक्षेत विचारलं होतं, उत्तर चुकलं म्हणून मार्क कापले होते. आणि इथं इतके ठिपके आंबील पीत हिंडत असताना मी एकटाच ठिपका सगळं शिवार पळत सुटलो होतो.

मी बांधावर उभा राहिलो आणि पहिल्या रांगेला आडवा गेलो.

"मामी, थांबा. त्या नर्सिंगवाल्या सुनेचं बोलावणं आलंय. उद्या सकाळी दहाला संभाजीनगर. मूळ कागदपत्रं घेऊन. आज संध्याकाळी तेरला पोचायला हवं. तुम्ही जिथं जाल तिथं सांगा, आणि ज्यांना सांगाल त्यांनाही पुढं सांगायला सांगा. म्हणून दाखवा बरं."

मामींनी म्हणून दाखवलं. त्यांच्या मागच्या जावेनं म्हणून दाखवलं. मग ओढ्याकडं जाणारे चारपाचजण, मग मोटरसायकलवरचे पाहुणे, मग खोपीत पत्ते खेळणारे. प्रत्येकाकडून म्हणवून घेतलं. एकजण म्हणाला, "सर, आमी काय तुमच्या वर्गात हाव का?" मी म्हणालो, "आज आहात. म्हणा."

मग मी त्या बांधावरच थांबलो. थांबणं फार अवघड गेलं. पळताना निदान आपण काहीतरी करतोय असं वाटतं. दोनदा उठलो, दोनदा बसलो. थोड्या वेळानं लातूरकडचा एक पाहुणा, मी आयुष्यात कधी न बघितलेला, धापा टाकत माझ्याकडं आला.

"ओ दादा, या गावचे का? एका नर्सबाईला निरोप द्यायचाय. उद्या दहाला संभाजीनगर, मूळ कागदं—"

मी त्याला मिठी मारली. त्याला काही कळलं नाही. आंबील जास्त झाली असेल असं त्याला वाटलं असावं.

ती आली ती तुरीच्या ओळींमधून, साडी खोचलेली, चपला हातात. मागं सासू, रिकामी बिंदगी कमरेवर. माझ्याजवळ येईपर्यंत ती थांबली नाही.

"खरं हाय का, सर?"

मी फोन पुढं केला. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. ओठ हलत होते. मग फोन परत दिला आणि सासूकडं वळली. "आत्या, जायाचं."

"मग काय, बसायचं?" सासू म्हणाली. "टरंकंत हायत कागदं. चल."

"किल्ली?"

किल्ली नवऱ्याच्या खिशात होती, आणि नवरा सकाळपासून पाहुण्यांबरोबर हिंडत होता. कुठल्या शेतात, देव जाणे. मी तोंड उघडायच्या आत सासूनं ओढ्याच्या दिशेला हाक घातली. एरवी तिचं बोलणं दोन-चार वाक्यांचं. पण तिचा आवाज असा की बिंदगीला तडा जावा. "किल्ली! माजं पोरगं ज्येला दिसंल त्येनं त्येच्याकडनं किल्ली घिऊन घराकडं पाठवा!" ओढ्यावरच्यांनी ती हाक पुढं घातली. आम्ही पायवाटेनं गावात पोचलो तेव्हा दारात एक अनोळखी बाई किल्ली घेऊन उभी होती. ती तिला दुसऱ्या बाईनं दिली होती, तिला तिसऱ्यानं. नवरा नंतर आला, घामाघूम. किल्लीच्या मागं धावत.

ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली कागदं निघाली. तिनं ती एकएक करून बघितली आणि छातीशी धरली. नवरा म्हणाला, "म्या येतो संगं." सासू म्हणाली, "तू जनावरं बघ. म्या जाते. हापिसात कुनी वाकडं बोललं तर तू गप ऱ्हाशील." नवऱ्यानं यावर विचार केला आणि मान हलवली. मग आत जाऊन सासूची नवी शाल घेऊन आला.

टेम्पो आला. हार घातलेला, धुतलेला, आणि मागं दुधाच्या कॅनच्या जागी झाकलेली कढई. "आईनं दिलीय, वाटंला," टेम्पोवाला म्हणाला. दोघी केबिनमध्ये बसल्या, मी मागं कढईजवळ. निघालो. पण मी शिवारात जे सोडलं होतं ते थांबवायची सोय मी केलीच नव्हती. पहिल्या वळणावर दोन बायांनी हात करून टेम्पो थांबवला. "ओ, त्या नर्सबाईला सांगा—" सुनेनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मिळाला ओ, मिळाला!" पुढं बांधावर एक म्हातारा काठी हलवत उभा. "मिळाला, आजा!" फाट्यावर चार पोरी. "मिळाला गं!" सासू वैतागली. "आता येकानं जरी सांगितलं तर म्या उतरून त्येच्या तोंडात भज्जी कोंबीन." पण तेरच्या शिवेवर खरंच एकानं सांगितलं तेव्हा तिनंच ओरडून त्याला म्हटलं, "व्हय रं बाबा, निघालोय आमी! तिथंच निघालोय!"

तेरला मोबाईलच्या दुकानासमोरून टेम्पो गेला. दुकान अजून बंद. पण आतला डबा चालूच होता. माझ्या डोक्याजवळच्या डब्यात हिरवा दिवा जोरात लुकलुकला. कालपासून वाट बघत बसलेला मूळ निरोप अखेर टेम्पोत चढला होता. केबिनमध्ये तिचा फोन दोनदा वाजला, एकदा रेंजमुळं आणि एकदा माझ्या डब्यामुळं. तिनं तो उघडून अक्षर न् अक्षर वाचला.

"बरोबर हाय," ती सासूला म्हणाली.

"मग? आपली लोकं काय खोटं सांगत्याल?"

धाराशिवच्या स्टँडवर दिवे लागत होते तेव्हा मी त्यांना गाडीत बसवलं. सणाचा दिवस असून गाडी निम्मी रिकामी होती, सगळे शेतात. टेम्पोवाल्यानं भज्जी एका डब्यात भरून दिली. मी पाण्याच्या बाटल्या दिल्या. ती खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. मी काहीतरी चांगलं बोलायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "सर, तुमची दाढी ऱ्हायलीय." गाडी गेली.

तिचे कागद तपासले गेले. हजेरीच्या वेळी ती रांगेत पहिली होती, असं सासू अजून सांगते. ती स्वतः म्हणते तिसरी. महिन्याभरानं नेमणूक निघाली. गाव मिळालं ते बालाघाटाच्या दुसऱ्या अंगाला, याच्यापेक्षाही खोल खोबणीत. नवरा जनावरं विकून तिच्या मागं गेला नाही. आठवड्याला जातो, येतो.

ती रुजू झाल्यावर बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका रविवारी बाजाराच्या गावातून तिचा फोन आला.

"सर, हितंबी रेंज न्हाय. एका बाळंतिणीचा रिपोर्ट आनायला मानूस पाठवावा लागला, दीड दिस ग्याला. डबा पायजे."

"आणतो," मी म्हणालो. "याच आठवड्यात आणतो. बस नाही, टेम्पो नाही, काहीतरी बघू."

"आना. पन आधी नुसते या. हिथं यात्रा कदी, बाजार कदी, लोकं कुन्या दिशी कुनाकडं जात्यात, समदं इचारून घ्या. उन्हाळ्यात येऊ नगा."

मी गेलो. डबा पिशवीतच ठेवला. उपकेंद्राच्या ओट्यावर लसीकरणाला आलेल्या बायका बसल्या होत्या. मी वही काढली नाही, फळा काढला नाही. त्यांच्यात जाऊन बसलो आणि एका म्हातारीला विचारलं, "आजी, येळवशीला तुम्ही कुणाच्या शेतात जाता?"

तिनं मला बघितलं. "आमच्यात येळवस न्हाय. आमच्यात म्हसोबाची जत्रा. तवा समदं गाव घाटाखाली जातंय आन् तीन दिस परत येत न्हाय."

"घाटाखाली कुठल्या वाटेनं?" मी विचारलं, आणि मांडी घालून नीट बसलो.